पाटथरची प्रेमा

प्रेमाला मी जन्म दिला तो बोरिवलीला, आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरमागे, एका हातात वडापाव धरून. नाव, गाव, आईचं मरण, सगळं त्या एका वडापावात उरकलं. तेव्हा कोणी म्हणालं असतं की ह्या बाईपायी तुझ्या जिवाला घोर लागणार आहे, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आता फोन नुसता थरथरला तरी मी हातातलं काम टाकते.

पण प्रेमाच्या आधी सासूबाईंचं सांगायला हवं, कारण हे सगळं त्यांच्यासाठी केलं. खरंच त्यांच्यासाठी. निदान तेव्हा मला तसंच वाटत होतं.

माझ्या सासूबाई विमला, मी त्यांना आई म्हणते. आम्ही राहतो दहिसरला, नदीच्या अलीकडे, नव्या टॉवरांच्या मागच्या चाळीत. सासरे चंद्रप्रकाश गेले आणि आईंनी बोलणंच सोडलं. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत, नुसत्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या. वाढलं तर जेवायच्या. माझा नवरा सुयोग म्हणायचा, "होईल गं हळूहळू." काय होईल कप्पाळ! दिवसभर नोकरी करून घरी यावं आणि दारातच ती पाठ दिसावी. मला तर कधीकधी घरात शिरूच नये असं वाटायचं.

मग एकदा त्या घावणे करत होत्या आणि माझ्या मुलुंडच्या आईला दाखवायला म्हणून मी मोबाईलवर त्यांचा व्हिडिओ काढायला लागले. आईंनी मान वर केली. मला वाटलं आता ओरडणार. तर त्या मोबाईललाच दटावून म्हणाल्या, "नुसता बघतंस काय? पीठ असा पातळ व्हया. जाड ठेवशीत तर भाकरी होतली, घावणो नाय." आणि पुढे बोलतच राहिल्या. तव्यावर, पिठावर, नवऱ्याला कसे आवडायचे त्यावर. सुयोग बाथरूममधून तोंडात ब्रश तसाच ठेवून बाहेर आला. आम्ही दोघं बघत राहिलो.

असा 'वैनीचा रांधप' हा चॅनल सुरू झाला. रांधप म्हणजे स्वयंपाक, हे मला लग्नानंतर कळलं. मी मुलुंडची, माझ्या माहेरी वरणाला वरण आणि माशाला नाक मुरडणं. पण मी व्हिडिओ कापायला शिकले, नावं टाकायला शिकले. आणि आई रोज संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत विचारायच्या, "आज किती जणा इली गो?" इली, म्हणजे आली. बघणारे लोक त्यांच्या लेखी पाहुणे होते, जेवायला आलेले.

आणि पाहुणे येतच नव्हते. माझी आई, माझी मावशी, सुयोगच्या ऑफिसातला एक बिचारा. काही दिवसांनी आईंनी विचारणं कमी केलं. मग एका संध्याकाळी मी चप्पल काढली, पाय धुतले, चहा ठेवला, तरी प्रश्न नाही. स्वयंपाकघरातून डोकावले तर बाई भिंतीकडे तोंड करून बसलेल्या.  परत ते दिवस नकोत, मी मनात म्हटलं, काय वाटेल ते करीन पण परत ते नकोत.

मग मी लोकांच्या दारोदार फिरायला लागले. फेसबुकवर खाण्याचे जेवढे ग्रुप होते तेवढ्यांत शिरले आणि व्हिडिओची लिंक टाकत सुटले. पहिल्या ग्रुपने पोस्ट उडवली. दुसऱ्याने 'स्वतःची जाहिरात चालणार नाही, नियम वाचा' म्हणून झापलं. तिसऱ्याने तर न बोलता हाकलून दिलं. अरे, तुमच्या ग्रुपवर दिवसभर 'आज माझ्याकडे पिझ्झा' म्हणून फोटो टाकता ते काय असतं मग? पण ऐकतो कोण!

राहता राहिला सासरच्या गावचा ग्रुप, 'आमचं पाटथर, गाव आणि मुंबई'. लग्नानंतर सुयोगने मला त्यात टाकलं होतं. त्याचे अॅडमिन बाळाकाका, घाटकोपरला असल्फ्यात राहणारे, सासऱ्यांचे दोस्त, गावच्या मुंबई मंडळाचे जन्माचे सेक्रेटरी. तिथे लिंक टाकली तर काकांनी खाली लिहिलं, 'सूनबाई, ग्रुप गावच्या बातम्यांसाठी आहे. चॅनलवाल्यांनी दुसरीकडे जावे.' सगळ्या गावासमोर! माझे कान लाल झाले.

लॅबमधली माझी मैत्रीण तेजल हसून लोळली. "अगं येडे, आपली लिंक आपण कोण टाकतं? दुसरी आयडी बनव. तिने प्रश्न विचारायचा आणि तू उत्तर म्हणून लिंक द्यायची. सगळे हेच करतात यार."

झालं. वडापाव संपायच्या आत प्रेमा तयार झाली. फोटोच्या जागी सोनचाफ्याचं फूल. राहणार कुर्ला, कारण कुर्ल्यात कोण कोणाला सापडतंय? ग्रुपमध्ये घेताना काकांचा ठरलेला प्रश्न येतो, गावात कोणाच्या घरातले? मी लिहिलं, 'माझी आई पाटथरची होती.' लगेच आत घेतलं.

मग प्रेमाने पोस्ट लिहिली. मला वाटलं, जरा काळजाला हात घालणारं पाहिजे. 'माझी आई पाटथरची. मी लहान असताना ती गेली. तिच्या हातचे शिरवाळे अजून आठवतात. नारळाच्या रसात ती हळदीचं पान घालायची. तसे शिरवाळे कसे करायचे, कोणी सांगेल का?'

शिरवाळे म्हणजे तांदळाच्या उकडीच्या शेवया, गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या. आईंचा तो व्हिडिओ तयारच होता आणि रसात हळदीचं पान घालतानाचा भाग मला फार आवडलेला, म्हणून तोच पोस्टमध्ये घातला. थोड्या वेळाने मी माझ्या खऱ्या नावाने खाली लिहिलं, 'प्रेमाताई, माझ्या सासूबाई अगदी अशाच करतात, हे बघा.' आणि लिंक.

काय सांगू! धो धो माणसं आली. पाटथरची आली, पाटथरच्या लेकी दिल्या त्या गावांची आली, दुबईत कामाला असलेली आली. संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत आई दारात. त्यांना खाली लिहिलेलं सगळं वाचून दाखवावं लागलं, दोनदोनदा. "ह्या कोण? सावंताचा काय? अगो, तो पेरूच्या झाडावरना पडललो तो!" हसत होत्या, पदर तोंडाला लावून. सुयोग मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाला, "झकास केलंस हां." मीही फुगले. म्हटलं, कोणाचं काय गेलं? एक बाई जगात नाही, एवढंच ना?

घोळ झाला तो इथे. मी मुलुंडच्या ब्लॉकमध्ये वाढले. माझे बाबा, शरच्चंद्र त्यांचं नाव, शेजाऱ्यांशी तीस वर्षं नुसती मान हलवून बोलतात. आमच्याकडे कोणी म्हणालं की माझी आई अमक्या गावची, तर आपण म्हणतो, हो का, छान. विषय संपला. कोकणात तिथून विषय सुरू होतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून प्रेमाच्या मागे गाव लागलं. 'बाय, तू कोणाची?' 'आवशीचा नाव काय?' 'वरच्या वाडीतली की खालच्या?' 'आजोळी कधी इलंस नाय ती? देवीची ओटी भरलंस काय कधी?' गावची लेक म्हणजे गावाची माहेरवाशीण आणि लेकीची लेक म्हणजे तिच्यावर सगळ्यांचा हक्क. मी काउंटरखाली फोन धरून उत्तरं देत होते. आई लवकर गेली, मला नाव धड आठवत नाही, वडिलांनी काही सांगितलं नाही. एक थाप मारली की तिच्यातून चार प्रश्न उगवत होते. एका पेशंटला मी दुसऱ्याचाच रिपोर्ट दिला. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, मी प्रेग्नंट नाहीये हो."

मग बाळाकाकांचा मेसेज आला. प्रेमाला, एकटीला. 'हळदीचं पान आमच्या घरात फक्त माझी बहीण द्वारका घालायची. तेव्हा गावात दुसरं कोणीही घालत नव्हतं. बाळ, तुझ्या आईचं नाव द्वारका होतं का?'

मी फोन उलटा करून ठेवला. 

घरी आले तर आईंना कळलेलं. काकांनी त्यांना फोन केला होता. आई पाटावर बसून डोळे पुसत होत्या आणि बोलत होत्या, एवढ्या बोलत होत्या की मला मध्ये शिरता येईना. द्वारका काकांची थोरली बहीण. आई नव्या नवरी म्हणून पाटथरला गेल्या तेव्हा ह्या सतरा चुका करणाऱ्या मुलीला तिनेच सांभाळून घेतलं, शिरवाळे शिकवले. "ता हळदीचा पान तिनेच माका शिकवल्यान गो!" पुढे ती मुंबईत गिरणीतल्या एका मुलाबरोबर निघून गेली. मुलगा दुसऱ्या जातीचा. एकदा ती गावी आली, तर बापाने उंबऱ्यावरूनच परत धाडली. त्याला चाळीस वर्षं होत आली असतील. मग गावात कोणी तिचं नावही काढलं नाही.

"आणि आज तिचा चेडू माझो व्हिडिओ बघून घराक इला, बघ," आई म्हणाल्या. चेडू म्हणजे मुलगी. "देवान धाडल्यान तिका. तुझ्या त्या मोबाईलातना धाडल्यान."

तेव्हाच सांगायला हवं होतं.  त्यांचा तो उजळलेला चेहरा समोर होता. मी सांगितलं असतं तर त्या पुन्हा भिंतीकडे वळल्या असत्या. मी म्हटलं, "हो ना आई," आणि कांदा चिरायला घेतला.

सुयोगला मात्र सांगितलं. तो खाली बाइक पुसत होता. ऐकून फडकं खाली टाकलं. "वाट लागली," म्हणाला. "अगं पण कोणाचं नाव घेतलंस? बाळाकाका त्या बहिणीच्या नावाने दर दिवाळीला भाऊबीजेचा पाट मांडतात." मग म्हणाला, "आईला कळता कामा नये. उडव ती आयडी. चार दिवस बोलतील, विसरतील."

मला तेवढंच हवं होतं. जिन्यातच उभी राहून मी प्रेमाला पुसून टाकलं. छाती हलकी झाली. संपलं एकदाचं, म्हटलं. काय बाई मूर्ख होते मी!

सकाळी ग्रुपवर काकांची पोस्ट. 'माझ्या भाचीने ग्रुप सोडला. चूक माझी आहे. मी पोरीला फार प्रश्न विचारले. तिची आई अशीच दारातून परत गेली होती. तेव्हा मी घरात होतो, बाहेर आलो नाही. आता भाची पण माझ्यामुळेच गेली. कोणाला कुर्ल्यात तिचा पत्ता माहीत असेल तर हात जोडून विनंती आहे.'

खाली सगळं गाव रडत होतं. आईंनी ती पोस्ट मला वाचायला लावली. मी वाचली. आवाज कसा काढला, माझं मलाच माहीत.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले सांगता येत नाही. अन्न जात नव्हतं. फोन वाजला की दचकायचे, नाही वाजला की उघडून बघायचे. मग काकांच्या सुनेने, क्षमाने, ग्रुपवर लिहिलं, 'आमचे बाबा रोज सकाळी कुर्ल्याला जातात. चाळीचाळींत जाऊन प्रेमा म्हणून कोणी राहते का विचारतात. हातात एक पिशवी असते. ऊन फार आहे, त्यांना बीपी आहे. कुणी त्यांना समजवा, आमचं ऐकत नाहीत.'

कुर्ला! मी वडापाव चावता चावता टाकलेला कुर्ला. त्या गर्दीत एक म्हातारा उन्हातान्हात दारं ठोठावत होता, जगात नसलेल्या बाईसाठी. मी लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि तिथेच ठरवलं की बस झालं. आईंचं काय व्हायचं ते होवो. पण हा माणूस कुर्ल्यात पडला तर मी कुठे तोंड दाखवू?

रविवारी काका आमच्याकडे येणार होते. आईंनीच बोलावलं होतं. "इतको फिरता माणूस, घास तरी खाऊन जाऊ दे." आणि शिरवाळेच करायचे ठरवले होते. मी सुयोगला म्हटलं, आज सांगणार. तो म्हणाला, "मी असतो बाजूला." आणि काका आले तसा पाणी आणतो म्हणून जो गेला तो माठापाशीच उभा राहिला. नवरे!

काका वाळले होते. शर्टाची कॉलर मळलेली, मान उन्हाने काळी. कापडी पिशवी मांडीवर ठेवून खुर्चीत बसले. आई म्हणाल्या, "ठेवा हो भावजी ती खाली." ते म्हणाले, "नको वैनी, नारळ असा आत. ओटी असा तिची. खय गाठ पडली तर हात रिकामो नको."

मी उठून साचा काढला.

शिरवाळ्यांना दोन माणसं लागतात. उकडलेले पिठाचे गोळे गरम असतानाच लाकडी साच्यात घालायचे, एकाने साचा घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने वरून जोर लावून दाबायचं. थंड झाले की सगळं संपलं, मग पीठ खाली उतरतच नाही. आईंनी साचा धरला होता, मी दाबत होते. काकांना आम्ही दिसत होतो, खोलीच एवढीशी. पहिला गोळा झाला. दुसरा घातला. मी दोन्ही हात दांड्यावर ठेवले आणि म्हटलं, "काका, प्रेमा नाहीये. प्रेमा मीच होते."

 मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून सगळं सांगितलं. दुसरी आयडी, फूल, पोस्ट, लिंक. लोकांनी आईंचा व्हिडिओ बघावा म्हणून केलं. हळदीचं पान आईंच्या व्हिडिओतलं. तुमच्या बहिणीचं मला काहीच माहीत नव्हतं. मीच मग आयडी उडवली. सांगता सांगता मी रडत होते आणि माझा मलाच राग येत होता, कारण रडायचा हक्क त्या खोलीत मला नव्हता.

मी आईंकडे बघितलं. त्यांची नजर भिंतीवर होती. झालं, मी म्हटलं, गेल्या.

"दाब," आई म्हणाल्या.

"अं?"

"दाब गो. थंड झाला तर उतराचा नाय."

मी दाबलं. पांढऱ्या शेवया ताटलीत उतरत राहिल्या. आम्ही सगळे गोळे संपवले. काकांकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

मग काकांचा आवाज आला. "आणि कुर्ला?"

"तेही खोटं, काका. सुचलं म्हणून लिहिलं."

"कुर्लाय खोटा," ते म्हणाले. पिशवीवरून हात फिरवत राहिले. "चाळीस वर्षां माका ठावक नव्हता ती खय असा. तू माका जागा दिलंस. वाटला, एवढ्यातच असा खयतरी, आज नाय तर उद्या. आता खय शोधू? सांग ना. आता खय जाऊ मी?"

 शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आईंनी वाटीत शिरवाळे घेतले, वर रस ओतला आणि काकांच्या हातात दिली. "खावा." काका नको म्हणाले. "खावा म्हणतंय ना! हिच्या हातचा नाय हा, द्वारकेच्या हातचा असा. मी तिच्याकडनाच शिकलंय." काकांनी एक घास घेतला. चावला नाही, तसाच तोंडात धरला. मग त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ते खात राहिले, वाटी संपेपर्यंत.

वाटी खाली ठेवून त्यांनी पिशवी उघडली. हिरवी साडी, खण, नारळ, तांदळाची पुडी. सगळं ताटात मांडलं आणि मला म्हणाले, "ऊठ. पाटावर बस."

"मी?"

"माफ केलंय असा समजू नको. माफ नाय केलंय. पण ही ओटी मी घराक परत नेवचंय नाय. परत नेलंय तर ती मेली असो अर्थ होतलो." आईंकडे वळून म्हणाले, "वैनी, तू भर."

आई मागे सरकल्या. "मी? माझ्या हातान? हे गेल्यापासना मी..." विधवेने ओटी भरायची नाही, असं त्यांच्याकडे मानतात.

"द्वारकेन कोणाक शिकवल्यान, माका की तुका? तूच भर."

मी पाटावर बसले. ओढणी पसरली.  साडी, खण, नारळ. ओंजळीने तांदूळ घालताना आई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ही तुझी नाय. ही द्वारकेची. तुझ्याकडे ठेवललीसा. ती गावली की तू स्वतः जाऊन तिका देवची. तोवर शोधूचा. कुर्ल्यात नाय तर नाय, जयसर असात थयसर."

"हो आई."

"हो म्हणू नको नुसता. मोबाईल लाव."

सुयोग माठापासून धावत आला, त्याने तो स्टँडला लावला. मला वाटलं आई रेसिपी सांगणार. त्या मोबाईलसमोर ताठ बसल्या, पदर सारखा केला आणि नेहमीच्याच मोठ्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही सगळे माझ्याकडे इलास, जेवलास, बरा वाटला. पण तुमका ज्या नावान बोलावला ता नाव खोटा होता. प्रेमा म्हणान कोण नाय. बघणारे गेले तर जाऊ देत. माका दोन माणसां पुरे, पण खरी." मग मान वळवून मला म्हणाल्या, "आता तू ये हयसर. तुका गोष्टी सांगूक बऱ्या येतत ना? सांग."

एवढ्या व्हिडिओंत मी कधी समोर आले नव्हते. ओटी सांभाळत त्यांच्या बाजूला सरकले. नारळ मांडीत जड लागत होता. पलीकडे सगळं गाव असणार, काकांची सून, दुबईवाले, माझे आईबाबा. लाल दिवा लागलेला होता आणि काका समोरच्या खुर्चीत, डोळे न पुसता, माझ्या तोंडाकडे बघत होते.

"माझं नाव अस्मिता," मी म्हटलं. "प्रेमा मीच होते. द्वारकाआत्या, तुम्ही कुठेही असाल तर ऐका. तुमचा भाऊ दारात आलाय."